क्लीन डाएट, भाकरी आणि थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम

मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी प्रेम, पाऊस, आई आणि मैत्री यांच्यावर भरपूर लिहून येतं. म्हणून संपादकांना माझा विषय सांगितला तेव्हा ते जरा गप्पच झाले. "पोटावरची चरबी? मराठी विभागात?" म्हणलं, का नाही? हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री अकरानंतर चक्कर मारून बघा. प्रेमावर बोलणारी दोन सापडतील, 'कटिंग'वर बोलणारी दहा! अन् त्या दहातल्या आठांचं ज्ञान मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलमधून आलेलं असतं. तेव्हा कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांनी सरळ कवितांच्या पानावर जावं. क्लीन खाणं चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'क्लीन' हे विशेषण आहे, आकडा नाही. वजन मारता मारता अंगावरची चरबी उतरवायची असेल तर आकडा लागतो. आणि तो आकडा बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मेसच्या ताटात, ज्वारीच्या भाकरीसकट, आरामात बसतो.

आधी 'क्लीन' म्हणजे काय ते बघू. आपल्या अंबाजोगाईच्या जिममध्ये याचा अर्थ साधारण असा आहे : साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, बिस्कीट-वेफर्स बंद. इथपर्यंत कुणाचीच हरकत नसावी. पुढं मात्र गाडी घसरते. भाकरी बंद, भात बंद, मेसची भाजी बंद. त्याऐवजी ओट्स, ब्राऊन राइस, ब्रोकोली, पीनट बटर, मध, बदाम आणि गाईचं तूप. ब्रोकोली अंबाजोगाईच्या मंडईत शोधून दाखवा, माझ्याकडून चहा. (बिनसाखरेचा!)

माझा रूमपार्टनर गेल्या वर्षी चार महिने अस्सल क्लीन होता. चार महिन्यांत त्यानं समोसा तोंडाला लावला नाही, कँटीनचा वडापाव दुरून नमस्कार करून सोडला. एवढा निग्रह मी परीक्षेच्या आदल्या रात्रीही कुणात पाहिलेला नाही. अन् चार महिन्यांनी त्याचं वजन किती उतरलं? अर्धा किलो. बिचारा स्वतःच्या शरीरावर रागावून बसला. 'माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे' हे वाक्य मी त्या काळात रोज ऐकलं.

एका रविवारी आम्ही दोघांनी वही घेऊन बसून त्याच्या दिवसभराच्या क्लीन खाण्याचा हिशेब मांडला. सकाळी मूठभर भिजवलेले बदाम, वजन केलं तर पन्नास ग्रॅम. म्हणजे तीनशे कॅलरी. ब्राऊन ब्रेडला लावलेलं पीनट बटर तेवढंच, अजून तीनशे. कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मध, सव्वाशे. दुपारी-रात्री मिळून दोन मोठे चमचे तूप, अडीचशे. बेरीज करा : पावणेदहाशे! हे सगळं ताटातल्या मुख्य जेवणाच्या वर. एकही पदार्थ वाईट नाही. बदाम उत्तम, शेंगदाणा तर आपला जीव की प्राण. पण पावणेदहाशे कॅलरी म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि त्या 'क्लीन' असल्यामुळे त्याच्या हिशेबात शून्य होत्या. आपल्याकडं म्हण आहेच, एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा पवित्र, शेंगदाण्याचा कूट पवित्र, तूप पवित्र, अन् द्वादशीला काट्यावर उभं राहिलं की बोंब.

आता आपण इंजिनिअरिंगची पोरं. थर्मोच्या पहिल्याच लेक्चरला सर फळ्यावर काय लिहितात? ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही. आत आलेली वजा बाहेर गेलेली, उरलेली साठते. माणूस हीसुद्धा एक सिस्टिमच आहे राव, तिला वेगळा कायदा नाही. लॅबमध्ये बाँब कॅलरीमीटरमध्ये आपण इंधनाचा उष्मांक काढतो. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात हेच अन्नाच्या बाबतीत केलं, चक्क माणसाला खोलीएवढ्या कॅलरीमीटरमध्ये बसवून. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांना ग्रॅममागे चार, चरबीला नऊ, हे आपण आजही वापरतो ते आकडे त्याच कामातून आले. (जिममध्ये ज्याला कॅलरी म्हणतात ती खरं तर किलोकॅलरी असते. व्हायव्हात विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहिलं.)

आपल्या शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथं कोळसा येतो तेव्हा दोन गोष्टी बघाव्या लागतात : राख किती आणि उष्मांक किती. राख कमी असणं चांगलंच, पण कमी राखेचा कोळसा जास्त टाकला तर उष्णता कमी निघते असं कुणी म्हणत नाही. क्लीन डाएटवाल्यांनी फक्त राख बघितली, असं माझं म्हणणं आहे.

बरं, मग किती खायचं? १९९० साली मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी दिलेलं एक सोपं सूत्र आहे. वजन किलोमध्ये गुणिले दहा, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले पाच, आणि मुलगा असेल तर अधिक पाच. (मुलींसाठी अधिक पाचऐवजी वजा १६१.) मी सुरुवात केली तेव्हा वजन ७८, उंची १७३, वय २०. उत्तर आलं १७६६. नुसतं पडून राहिलो तरी शरीर एवढं जाळतं. आठवड्यात चार दिवस वजनं मारणं, लेक्चरला जाणं-येणं धरून याला दीडनं गुणलं की साधारण साडेसव्वीसशे. यातून चारशे वजा केले, साडेबावीसशे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, तेव्हा रोज चारशेच्या तुटीनं आठवड्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम उतरायला पाहिजे. सोळा आठवड्यांत मी ७२ ला आलो. रीलमध्ये लोक एकवीस दिवसांत येतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

आता भाकरी. हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि इथं जरा आवाज चढला तर माफ करा.

आमच्या वर्गात वडवणी-धारूर भागातली पोरं आहेत. त्यांचे आईवडील दसरा-दिवाळीला कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागात जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यातल्या एकानं मला सांगितलेली गोष्ट. आई फडावरून परत आल्यावर पोरगं सुट्टीला घरी आलं म्हणून तिनं चुलीवर भाकरी थापली. गरम भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. अन् हा म्हणतो, "माय, भाकरी नको, कार्ब्स असतात." माउलीला काय कळणार कार्ब्स? ती म्हणली, "लेकरा, दुखायलंय का काही? जेवण का जाईना तुला?" पोरगं जिममधल्या भैयाचा चार्ट पाळत होतं. चार्टमध्ये सकाळी ओट्स होते. ओट्स आणायला त्यानं पैसे घरूनच मागितले होते.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी, दहा ग्रॅम प्रथिनं आणि दहा ग्रॅम तंतू असतात. हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यातले आकडे आहेत, माझे नाहीत. ओट्समध्ये प्रथिनं थोडी जास्त, तंतू जवळपास तेवढेच आणि कॅलरी उलट थोड्या जास्तच. किमतीत किती पट फरक आहे ते किराणा दुकानात जाऊन बघा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, जगभर ज्वारी-बाजरीचे गोडवे गायले गेले. अन् बीडच्या जिममध्ये भाकरीवर बंदी! भाकरीनं पोट सुटत असतं तर दिवसभर ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवणाऱ्या माणसांची पोटं कुठं आहेत ते दाखवा. आता त्यांचं सडपातळ असणं ही काही हौस नव्हे. पण भाकरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यानं हा साक्षीदार तपासला पाहिजे.

भाकरी मोजायची मात्र. आमच्या मेसच्या मावशी एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ घेतात. (मी काटा घेऊन स्वयंपाकघरात गेलो तेव्हा त्यांना वाटलं, मालकानं तपासणीला पाठवलंय.) म्हणजे एक भाकरी २७० कॅलरीच्या आसपास. दिवसाला तीन खाल्ल्या तर आठशे, आणि त्यातून चोवीस ग्रॅम प्रथिनं फुकटात. सोबत डाळ किंवा उसळ हवीच, कारण ज्वारीत लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि ते डाळींत भरपूर असतं. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण भाकरीसोबत पिठलं आणि माडगं त्यांनीच लावून दिलं.

प्रथिनं किती? सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, असं राष्ट्रीय पोषण संस्था आणि आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत आहे. वजनं मारणाऱ्याला जास्त लागतात. ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला, त्यात किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढं स्नायू वाढायला खास फायदा दिसला नाही. माझ्या ७८ किलोला हे झाले सव्वाशे ग्रॅम. जिमवाला भैया अडीचशे सांगत होता. तो डबेही विकतो, हा केवळ योगायोग असावा!

सव्वाशे ग्रॅम ऐकून घाबरू नका. मी खात होतो ते सांगतो. चार अंडी, चोवीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, सव्वीस. साय काढलेलं चारशे मिली दूध, चौदा. कोरडी मोजलेली साठ ग्रॅम मटकी किंवा हुलगे, तेरा. वरणातली चाळीस ग्रॅम डाळ, नऊ. तीन भाकरी, चोवीस. वाटीभर मोठं दही, सात. खिशातले मूठभर फुटाणे, सहा. झाले एकशे तेवीस. दिवसभराच्या कॅलरी तीन छोटे चमचे तेल, भाजी आणि एखादा पेरू धरून तेवीसशेच्या आतबाहेर. वड्या सोडल्या तर यातलं काहीही आमच्या आजोबांच्या ताटात नवीन नाही. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांनी दूध-दही आणि वड्या थोड्या वाढवाव्यात. जे चिकन खातात त्यांचं काम अजून सोपं, फक्त तर्री बाजूला ठेवा.

तर्री! मराठवाड्यात कटिंगचा खरा शत्रू कोण असेल तर तो हा लाल रंगाचा थर. मेसची भाजी 'तळलेली' नसते म्हणून ती क्लीन समजली जाते, पण वाटीवर तरंगणारी पळीभर तर्री म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम तेल, म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. दोन वेळची दोन वाट्या. वर येसर आमटी असली की अजून. मी मावशींना एवढंच सांगितलं की माझी वाटी खालून भरा, वरून नको. त्या हसल्या. "शहाणं झालंय लेकरू," म्हणल्या, आणि तेव्हापासून तीन महिने न चुकता खालून भरली. हॉस्टेलला राहणाऱ्यानं स्वतः शिजवायच्या भानगडीत पडू नये, मावशींशी गोड बोलावं. तसंच सकाळच्या सुशील्याचं. मुरमुरे हलके दिसतात म्हणून ताट भरून घेतात, अन् त्यात शेंगदाणे आणि फोडणी किती ते बघत नाहीत. सुशीला सोडू नका, तो सोडण्यासारखा पदार्थच नव्हे. एक प्लेट, सोबत दोन उकडलेली अंडी.

व्यायामाबद्दल थोडक्यात. कटिंग सुरू झालं की पोरं एकदम हलकी वजनं उचलून तीस-तीस रेप्स मारायला लागतात, म्हणे त्यानं कट्स पडतात. कट्स चरबी उतरल्यानं दिसतात, आणि चरबी उतरताना स्नायू टिकावा म्हणून शरीराला सांगावं लागतं की बाबा, हा अजून कामाचा आहे. हे सांगायची पद्धत म्हणजे आधी उचलत होतात तेवढंच जड वजन उचलत राहणं. सेट थोडे कमी झाले तरी चालतील, बारवरच्या प्लेटा कमी होऊ देऊ नका. अन् दोनशे क्रंचेस मारून फक्त पोटावरची चरबी जात नाही. टाकी कुठल्या कोपऱ्यातून रिकामी करायची हे तोटी ठरवत नाही.

आता खरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. "भाऊ, सगळं करतोय, पण काटा हलेना." इथंच क्लीनवाले चुकीचं वळण घेतात. काटा थांबला की त्यांना वाटतं अजून क्लीन व्हायला पाहिजे. मग दूध बंद, केळी बंद, मीठ बंद, शेवटी पोरगं उकडलेली काकडी खाताना सापडतं.

आपण काय करायचं? आधी खात्री करा की काटा खरंच थांबलाय. एका दिवसाचं वजन म्हणजे नॉइज आहे मित्रांनो, सिग्नल नव्हे. रात्री खारट खाल्लं, पाणी कमी-जास्त झालं, पोट साफ झालं नाही, की किलो-दीड किलो इकडंतिकडं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून भाकरी-भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो 'उतरतात' आणि माणूस खूश होतो. तेव्हा रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. मुलींनी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडावी, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं. सोबत शिंप्याची टेप घेऊन बेंबीवर कंबर मोजा. काटा जागेवर अन् कंबर कमी होत असेल तर काही बदलू नका, काम चालू आहे.

दोन आठवडे दोन्ही हलले नाहीत, तरच ताटाला हात लावायचा. तोही जरासाच : अर्धी भाकरी आणि एक छोटा चमचा तेल, म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. अंडी, उसळ, दूध यांना हात लावायचा नाही. उतरत्या वजनासोबत गरजही उतरते, हे सूत्रातच आहे. सहा किलो कमी झाले की सहा गुणिले दहा म्हणजे साठ, गुणिले दीड म्हणजे नव्वद कॅलरी रोजच्या रोज कमी लागतात. शिवाय कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. पूर्वी तीन मजले चढून शेजारच्या विंगमध्ये चकाट्या पिटायला जाणारा पोरगा आता खोलीत लोळत तिथूनच फोन लावतो. यावर उपाय म्हणून मी संध्याकाळी मुकुंदराजांच्या समाधीच्या दिशेला चालत जायला लागलो. बालाघाटचे डोंगर आहेत, उतरताना गंमत आणि चढताना हिशेब!

अन् उलटं झालं, म्हणजे आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरायला लागलं, स्क्वॉटचा आकडा तीन आठवडे सलग पडायला लागला, झोप लागेना, तर अर्धी भाकरी परत घ्या. यात कमीपणा काही नाही.

"पण पैलवान तर एका रात्रीत वजन पाडतात!" हे उत्तर हमखास येतं. बीड जिल्हा हा पैलवानांचा जिल्हा, आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सोनं घेऊन आला आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. (गंमत म्हणजे खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यही ५७ किलोंच्याच गटातलं.) त्यामुळे गटात बसण्यासाठी वजन पाडण्याच्या कथा आपल्याकडं तालमी-तालमीत ऐकायला मिळतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर अख्ख्या देशानं बघितलं. ७ ऑगस्टला ५० किलो गटाच्या फायनलच्या सकाळी विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं जास्त भरली आणि अपात्र ठरली. दोनच दिवसांनी ५७ किलोंत अमन सेहरावतनं कांस्य जिंकलं. सेमीफायनलनंतर त्याचं वजन ६१.५ किलो होतं, ते दहा तासांत ४.६ किलोंनी खाली आणलं, असं त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितलं.

आता वही उघडा. ४.६ किलो चरबी असती तर गुणिले ७७००, म्हणजे ३५,४२०. माझ्यासारख्या माणसानं तेरा दिवस काहीही न खाता जगायला लागणारी ऊर्जा. दहा तासांत ती जाळणं कुठल्याही इंजिनाला शक्य नाही! म्हणजे गेलं ते मुख्यतः पाणी, घामावाटे. ते डॉक्टर-फिजिओंच्या डोळ्यांसमोर, एका पदकासाठी, आणि वजन झाल्याबरोबर परत भरून काढायच्या बोलीवर. आपल्याला कुठल्या गटात उतरायचंय? गॅदरिंगच्या?

हे मी चेष्टेत लिहितोय, पण झालेली गोष्ट चेष्टेची नाही. गेल्या सेमिस्टरला, पेपरच्या चार दिवस आधी, माझ्या ओळखीचा एक मुलगा स्क्वॉट मारताना जागेवर कोसळला. नऊ दिवस त्यानं भाकरी, भात, पोळी यांतलं काही खाल्लं नव्हतं, पाणी मुद्दाम कमी पीत होता आणि कुणीतरी दिलेल्या 'फॅट बर्नर'च्या कॅप्सूल घेत होता. डबीवर बनवणाऱ्याचा धड पत्ता नव्हता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक नव्हता. छातीत इतकी धडधड होती की रात्री ॲडमिट करावं लागलं. तो बरा आहे. पेपर मात्र दोन गेले, आणि त्याचे वडील गावाकडून येऊन हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले होते, ते आम्हाला विचारत होते, "पोरगं काही नशापाणी करायलंय का?" आम्ही काय सांगणार? नशा नाही काका, डाएट करत होता?

म्हणून मला या विषयाचा एवढा राग आहे. पोरं आळशी नाहीत. जो माणूस चार महिने समोसा सोडतो, नऊ दिवस भाकरी सोडतो, त्याच्यात निग्रहाची कमी कशी म्हणायची? कमी आहे ती दोनशे रुपयांच्या काट्याची आणि वहीतल्या चार ओळींची. प्रोटीनच्या डब्याबद्दलही माझं मत सरळ आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे डबे टाळायलाच सांगितलंय. मी इतका कडक नाही. खात्रीच्या कंपनीची, सील आणि परवाना क्रमांक बघून घेतलेली पावडर हे दुधाचंच एक रूप आहे, ते काही विष नव्हे. पण एका चांगल्या डब्याच्या पैशात माझी महिन्याची मेस निघते. आधी अंडी आणि वड्या खाऊन संपवा, मग डब्याचं बघू. अन् कॅप्सूल, इंजेक्शन, 'पाणी काढायची गोळी' असलं काही कुणी पुढं केलं तर आधी डॉक्टरकडं जा, देणाऱ्याकडं परत जाऊ नका.

शेवटी सणासुदीचं, कारण पाडवा जवळ आलाय आणि दोघातिघांनी आत्ताच विचारून ठेवलंय. पुरणपोळी खायची. घरी आईसमोर बसून कॅलरी मोजायच्या नाहीत, 'क्लीन नाही' असा शब्द काढायचा नाही. दोन खा, तुपासकट खा, त्या दिवशी संध्याकाळी भूक लागली तरच जेवा. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दाखवेल, त्यातलं बहुतेक पाणी आहे, तीन-चार दिवसांत उतरतं. सात दिवसांच्या सरासरीत त्याची जेमतेम ठिणगी दिसते, माझ्या वहीत गेल्या दिवाळीची तशीच दिसतेय.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा माझ्याकडं आहे. ज्याला भाकरीचं पीठ, बदाम, जे काय मोजायचं असेल त्यानं रात्री नवानंतर खोलीवर येऊन घेऊन जावा आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावा. सेल आपापले आणावेत, मागच्या महिन्यात तीन वेळा मीच बदललेत.